रिकाम्या जागा भरा!

प्रोग्रॅम लिहिताना हल्ली आपल्या शेजारी एक अदृश्य मदतनीस बसलेला असतो. तो झरझर लिहितो, दमत नाही, कंटाळत नाही. मग त्याच्याकडून काम नीट करून कसं घ्यायचं? सोलापुरातल्या एका पगाराच्या हिशेबाची ही हकीकत वाचा, म्हणजे कळेल.

दोस्तांनो, परीक्षेच्या पेपरात 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न असतोच. उत्तर आठवलं तर ठीक. नाही आठवलं तर आपण काय करतो? जागा कोरी थोडीच सोडतो! काहीतरी ठोकून देतो. लागलं तर लागलं!

आता असा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याने प्रोग्रॅमचा एवढा प्रचंड साठा वाचलाय, की आपल्याला सात जन्मांत वाचून होणार नाही. त्याचं अक्षर सुंदर, वेग अफाट. पण खोड एकच. तो कुठलीही जागा कोरी सोडत नाही! माहीत असेल ते लिहितो आणि माहीत नसेल तेही तितक्याच ऐटीत लिहितो.

हाच तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा मदतनीस. ज्या खिडकीत आपण प्रोग्रॅम टाइप करतो, त्या एडिटरमध्येच तो राहतो. त्याची आणि माझ्या भाचीची ही गोष्ट.

दोन रुपये चाळीस पैसे

माझी भाची सोलापूरला नववीत शिकते. तिच्या शेजारच्या काकांचा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचा कारखाना आहे. कामगार चाळीस. मजुरी मीटरवर. ज्याने जितके मीटर कापड विणलं, तितके त्याचे पैसे. दर शनिवारी काका कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि रात्री जेवायला उशीर झाला म्हणून काकूंची बोलणी खायचे.

"काका, मी तुम्हांला प्रोग्रॅमच करून देते की!" भाची म्हणाली. तिला पायथन ही प्रोग्रॅमची भाषा थोडीफार येते. तिने एडिटर उघडला आणि मराठीतच एक ओळ लिहिली. 'रोजचे मीटर घे, दराने गुण, रोजची मजुरी रुपयांत काढ आणि आठवड्याची बेरीज दे.'

ओळ संपते न संपते तोच पडद्यावर फिकट राखाडी अक्षरं उमटली. मदतनिसाने पुढचा प्रोग्रॅम सुचवला होता. सूचना मान्य असेल तर 'टॅब' ही कळ दाबायची. भाचीने टॅब दाबला. पुन्हा राखाडी अक्षरं, पुन्हा टॅब. चार-पाच मिनिटांत प्रोग्रॅम तयार! काका एवढे खूश झाले, की त्यांनी तिला बक्षीस म्हणून शेंगाचटणीचा पुडा दिला.

शनिवारी पगार वाटला गेला. सगळे पैसे मोजून घरी निघाले. एक म्हातारे विणकर मात्र तिथेच उभे. त्यांच्या हातात एक छोटी डायरी होती.

"पोरी, माझे दोन रुपये चाळीस पैसे कमी आलेत बघ."

काका म्हणाले, "अहो, कॉम्प्युटरचा हिशेब आहे तो. चुकेल कसा?"

पण आजोबांनी डायरी पुढे केली. त्यात सहा दिवसांचे मीटर लिहिलेले होते : ४१, ३८, ४५, ४०, ३७ आणि ४३. एकूण २४४ मीटर. दर मीटरला १२ रुपये ३५ पैसे. (आकडे मी थोडे बदललेत, चूक मात्र तीच आहे.) गुणाकार करून पाहा बरं! ३०१३ रुपये ४० पैसे येतात की नाही? प्रोग्रॅमने दाखवले होते ३०११ रुपये.

काकांनी लगेच दोन रुपये चाळीस पैसे हातावर ठेवले आणि माफीही मागितली. पण भाचीचा चेहरा उतरला. मी त्या दिवशी सोलापुरातच होतो. संध्याकाळी आम्ही दोघं तो प्रोग्रॅम उघडून बसलो.

"मामा, दोन रुपये म्हणजे काही फार नाहीत ना?" तिने हळूच विचारलं.

"कर हिशेब. चाळीस माणसं, वर्षाचे बावन्न आठवडे."

सगळ्यांचे एवढेच कमी होत गेले असते, तर आठवड्याला ९६ रुपये आणि वर्षाला ४९९२ रुपये! जवळजवळ पाच हजार. कुणी चोरी केली नसती, कुणाच्या मनात खोट नव्हती, तरी ते पैसे कामगारांच्या खिशातून गेले असते. डायरी नसती तर कुणाला कळलंही नसतं.

चूक कुणाची?

चूक सापडायला वेळ लागला नाही. मदतनिसाने रोजची मजुरी काढल्यावर तिला 'इंट' नावाची कात्री लावली होती. पायथनमधली ही कात्री दशांश चिन्हापुढचं सगळं उडवते. ५०६.३५ चे ५०६ होतात आणि ५५५.७५ चे ५५६ न होता ५५५ च होतात. सहापैकी पाच दिवसांच्या पैशांचे असे पाच तुकडे उडाले.

"म्हणजे त्यानेच चूक केली!" भाची म्हणाली.

"तू त्याला काय सांगितलं होतंस?"

"रोजची मजुरी रुपयांत काढ."

"रुपयांत म्हणजे पैशांसकट, की पूर्ण रुपयांत?"

भाची गप्प झाली. तिच्या मनात 'पैशांसकट' हेच होतं. पण ते मनातच राहिलं, कागदावर उतरलं नाही. ती जागा रिकामी राहिली आणि मदतनिसाने ती आपल्या अंदाजाने भरली. त्याने विचारलं नाही, की 'ताई, पैशांचं काय करू?'

हा मदतनीस आहे तरी कोण?

एक गंमत करू या. मी म्हणतो, 'सोलापूरची…' आता तुम्ही पुढचा शब्द सांगा. 'चादर' म्हणालात ना? हा शब्द तुम्ही इतक्या वेळा ऐकलाय, की तो आपोआप तोंडात येतो. पण मला म्हणायचं होतं, 'सोलापूरची गड्ड्याची यात्रा'! तुमचा अंदाज काही वेडगळ नव्हता. फक्त माझ्या मनात काय आहे, ते तुम्हांला माहीत नव्हतं.

एआय मदतनीस असंच काम करतो. जगभरातल्या प्रोग्रॅमरांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याच्या प्रशिक्षणात वापरलेला असतो. त्यातून तो एकच गोष्ट शिकतो. समोर एवढं लिहिलेलं असेल, तर पुढे काय येण्याचा संभव जास्त? तुमची उघडी फाइल, त्यातल्या टिपा, चलांची नावं हे सगळं बघून तो पुढचा तुकडा जुळवतो. त्यामुळे तो बहुतेक वेळा बरोबर असतो आणि कधी कधी अगदी आत्मविश्वासाने चुकतो.

एडिटरमधला असा मदतनीस सर्वत्र गाजला, तो 'गिटहब कोपायलट' या नावाने. जून २०२१मध्ये तो निवडक लोकांना चाचणीसाठी मिळाला आणि जून २०२२मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मग त्याच्यासारखे आणखी कितीतरी आले. आता ते तीन तऱ्हांनी काम करतात. पहिली तऱ्हा राखाडी अक्षरांची. दुसरी गप्पांची. म्हणजे शेजारच्या खिडकीत प्रश्न विचारायचा आणि उत्तर वाचायचं. तिसरी तऱ्हा 'एजंट'ची. तिच्यात मदतनीस स्वतःच फाइली उघडतो, बदलतो आणि प्रोग्रॅम चालवूनही बघतो.

चादरीवरची फुलं आणि भोकांची कार्डं

सोलापूरच्या चादरीचा आणि प्रोग्रॅमिंगचा काय संबंध, असं वाटेल तुम्हांला. पण नातं जुनं आहे आणि जवळचं आहे!

सोलापुरी चादरीवरची वेलबुट्टी छापलेली नसते, विणलेली असते. त्यासाठी मागावर 'जकार्ड' नावाची रचना बसवतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जकार यांनी ती १८०४च्या सुमारास तयार केली. आधी आलेखाच्या कागदावर नक्षी काढायची. मग त्या नक्षीप्रमाणे जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. जिथे भोक असेल, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल, तिथला खालीच राहतो. मधून बाण्याचा धागा जातो. एका ओळीला एक कार्ड. शेकडो कार्डांची माळ फिरत राहते आणि फूल उमलत जातं. आता कित्येक मागांवर कार्डांच्या जागी कॉम्प्युटरची फाइल आली आहे, पण तत्त्व तेच.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी हीच कार्डांची कल्पना उचलली. हिशेब करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा त्यांनी केला. ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. पण १८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी त्याच्यावर विस्तृत टिपणं लिहिली. जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असं त्यांना दिसलं होतं. आणखीही एक गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली. यंत्राकडून एखादं काम कसं करून घ्यायचं हे आपल्याला ठाऊक असेल, तेवढंच ते करेल.

कार्डाचा एक गुण लक्षात घ्या. भोक नसेल तर धागा उचलला जाणार नाही, म्हणजे नाहीच! एखादं भोक चुकलं, तर प्रत्येक फुलाची तीच पाकळी तुटते. चूक लगेच डोळ्यांत भरते. एआय मदतनीस मात्र तसा नाही. भोक पाडायचं राहिलं, तर तो आपल्या मनाने पाडून टाकतो. फूल दिसतं सुंदर! ते आपल्याला हवं तेच फूल आहे का, हे मात्र आपणच बघायचं असतं.

म्हणून त्याच्याकडून चांगलं काम करून घ्यायचं गुपित एवढंच. त्याने अंदाजाने भरायच्या आधी रिकाम्या जागा आपण भरायच्या. कशा? भाचीने दुसऱ्या खेपेला काय केलं ते पाहा.

१. आधी कागद, मग कीबोर्ड

एडिटर न उघडता भाची वही घेऊन काकांकडे गेली. काय आत येणार, काय बाहेर पडायला हवं, मधे कोणते नियम, हे तिने त्यांना विचारलं. तेव्हा कळलं, की खराब निघालेल्या कापडाचा दर निराळा असतो! हे तिने आधी विचारलंच नव्हतं. मदतनिसाला तरी कसं कळणार?

२. वर्णनाबरोबर उदाहरणही द्या

'पैशांसकट' या एका शब्दापेक्षा एक आकडा जास्त बोलतो. तिने टिपेत लिहिलं, '४१ मीटर, दर १२ रुपये ३५ पैसे, तर त्या दिवसाची मजुरी ५०६ रुपये ३५ पैसे. शून्य मीटर, तर मजुरी शून्य.' दोन उदाहरणं दिली आणि 'इंट'च्या कात्रीची वाट बंद झाली.

इथे आम्ही आणखी एक युक्ती वापरली. सगळा हिशेब पैशांतच करायचा. दर १२३५ पैसे, ४१ मीटरचे ५०६३५ पैसे. शेवटी एकदाच रुपयांत मांडायचं. असं का? पायथनला ०.१ अधिक ०.२ किती, ते विचारून बघा. उत्तर नुसतं ०.३ येत नाही. १७व्या दशांश स्थळावर एक चिमुकला ४ लटकलेला दिसतो! कॉम्प्युटर आतमध्ये दोनच अंकांनी मोजतो आणि त्या पद्धतीत ०.१ अचूक मांडताच येत नाही. म्हणून पैशांचा व्यवहार पूर्णांकांत केलेला बरा.

३. त्यालाच प्रश्न विचारायला लावा

ही युक्ती फार थोडे जण वापरतात. भाचीने लिहिलं, 'अजून प्रोग्रॅम लिहू नकोस. हे काम नीट करायला तुला आणखी काय माहिती हवी, ते आधी मला विचार.' मग मदतनिसाने प्रश्नांची यादीच काढली. एखाद्या दिवसाचे मीटर भरलेच नसतील तर शून्य धरायचे की थांबून विचारायचं? चुकून ४१ ऐवजी ४१० टाइप झाले तर? आठवड्याच्या मधेच दर बदलला तर? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं काकांनाही विचार करून द्यावी लागली.

४. नावं बोलकी ठेवा

पहिल्या प्रोग्रॅममध्ये चलांची नावं होती 'एक्स', 'वाय', 'ए-वन'. दुसऱ्यात तिने 'मीटर', 'दर पैशांत', 'आठवड्याची मजुरी' अशा अर्थाची नावं दिली. मदतनीस हीच नावं वाचून अंदाज बांधतो. नाव बोलकं, तर अंदाज जवळचा. ज्या फाइलींचा संबंध आहे, त्या दाखवायच्या आणि बाकीच्या बंद करायच्या. प्रत्येक वेळी लागणाऱ्या सूचना एका फाइलीत लिहून ठेवण्याची सोय बऱ्याच एडिटरांत असते. भाचीने तिथे लिहिलं, 'हिशेब नेहमी पैशांत कर. टिपा मराठीत लिही. शंका असली तर विचार.'

५. घास लहान घ्या

'मला कारखान्याचा सगळा कारभार करून दे' असं एका दमात सांगितलं, तर दोनशे ओळी समोर येतात. त्या वाचायचा कंटाळा येतो आणि आपण डोळे मिटून टॅब दाबतो. त्यापेक्षा एका वेळी एक काम द्यायचं. आधी एका दिवसाची मजुरी. ती तपासली, की आठवड्याची बेरीज. मग पगाराची चिठ्ठी. प्रत्येक टप्प्याला चालणारी प्रत जपून ठेवायची. 'गिट' वापरता येत असेल तर उत्तम, नाहीतर साधी वेगळ्या नावाची फाइल करा. विषय बदलला, की गप्पांची खिडकीही नवीन उघडा. जुन्या गोष्टींची सरमिसळ झाली, तर मदतनिसाचाही गोंधळ उडतो.

६. समजल्याशिवाय टॅब नाही

राखाडी अक्षरं आली, की भाची आता स्वतःला विचारते, 'ही ओळ काय करते, ते मी कुणाला समजावून सांगू शकेन का?' नाही, असं उत्तर आलं तर मदतनिसालाच म्हणायचं, 'ही ओळ मराठीत समजावून सांग. ही काढून टाकली तर काय होईल?' हा न चिडणारा मास्तर आहे. तोच प्रश्न पाच वेळा विचारा, पाचव्यांदाही शांतपणे सांगतो! पण तो सांगतो तेही पडताळून घ्या. एखादा आकडा बदलून प्रोग्रॅम चालवा आणि तो म्हणाला तसंच होतं का, ते बघा.

७. तपासनीस वेगळा हवा

प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे तपासणारे छोटे प्रोग्रॅमही मदतनीस लिहून देतो. त्यांना 'टेस्ट' म्हणतात. सोय चांगली, पण एक मेख आहे. 'रुपयांत' म्हणजे पूर्ण रुपये, असा गैरसमज करून त्याने प्रोग्रॅम लिहिला असेल, तर त्याच गैरसमजाने तो टेस्टही लिहू शकतो. दोन्ही जुळतात आणि दोन्ही चूक! पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच असला तर दुसरं काय होणार?

म्हणून उत्तरं बाहेरून आणायची. भाचीने आजोबांच्या डायरीतला आठवडा घेतला, हाताने गुणाकार केले आणि ३०१३ रुपये ४० पैसे हे उत्तर टेस्टमध्ये स्वतः लिहिलं. शून्य मीटरचा दिवस, खराब कापडाचा दिवस आणि चुकून ४१० टाइप झालेला दिवसही घातला.

जरा सांभाळून!

* आपण एडिटरमध्ये लिहिलेला मजकूर बहुतेक वेळा इंटरनेटवरून त्या कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जातो. म्हणून खरी नावं, फोन नंबर, आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक आणि पासवर्ड त्यात घालायचे नाहीत. भाचीने कामगारांची खरी यादी काढून टाकली. चाचणीपुरते 'कामगार १', 'कामगार २' असे लिहिले.
* मदतनीस कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव सुचवतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. लबाड लोक अशाच नावाने घातक प्रोग्रॅम टाकून ठेवू शकतात. अनोळखी लायब्ररी मोठ्यांना विचारल्याशिवाय बसवू नका.
* 'एजंट' परवानगी मागतो, तेव्हा तो नेमकं काय करणार आहे ते वाचा. 'हो' म्हणायची घाई नको. पुसलेली फाइल परत मिळेलच असं नाही.

वेळ खरंच वाचतो का?

वाचतो, पण वाटतो तितका नेहमीच नाही. २०२५मध्ये 'मेटर' या संस्थेने एक प्रयोग केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रॅमर होते आणि काम त्यांच्या चांगल्या परिचयाच्या प्रकल्पांवर होतं. काही कामं एआयची मदत घेऊन करायची, काही मदतीशिवाय. काम संपल्यावर त्यांना वाटलं, की एआयमुळे आपलं काम २० टक्के लवकर झालं. घड्याळाने मात्र वेगळंच सांगितलं. त्यांना १९ टक्के वेळ जास्तच लागला होता! प्रयोग लहान होता आणि साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची होती. त्यामुळे सगळ्यांना सगळीकडे हेच लागू होईल, असं नाही. पण मुरलेल्या माणसांचाही अंदाज असा फसतो, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आमच्या गोष्टीतही तसंच झालं. पहिला प्रोग्रॅम पाच मिनिटांत झाला होता. दुसऱ्याला रविवारची अख्खी दुपार लागली. पण त्या दुपारी भाची पूर्णांक, दशांश, चाचणी, एवढंच काय, मजुरीचा हिशेबही शिकली. पहिल्या वेळी ती फक्त टॅब दाबायला शिकली होती.

करून पाहा : आठ बाय आठची चादर

याला कॉम्प्युटर लागत नाही. दोघं पाठीला पाठ लावून बसा. दोघांकडे चौकटीचा कागद. पहिल्याने आठ बाय आठ चौकटींत काही चौकोन रंगवून एखादी नक्षी काढायची. मग ती फक्त शब्दांनी दुसऱ्याला सांगायची. दुसऱ्याने एकही प्रश्न विचारायचा नाही. कळलं नाही तर अंदाजाने रंगवायचं! शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवा. कुठे फरक पडला? त्या प्रत्येक ठिकाणी सांगताना कोणती जागा रिकामी राहिली होती, ते शोधा. मग पुन्हा खेळा. पण या वेळी सुरू करण्याआधी दुसऱ्याला तीन प्रश्न विचारू द्या. फरक किती कमी होतो, ते मोजा.

आई-बाबांसाठी थोडंसं

एआयच्या बहुतेक सेवांना वयाची अट असते. गिटहबचं खातं काढायला वय किमान १३ असावं लागतं. तेव्हा खातं मुलांबरोबर बसून काढा आणि कोणती माहिती बाहेर जाऊ द्यायची, तेही तेव्हाच ठरवा. 'मदत घ्यायची नाही' असा धाक घालण्यापेक्षा घरात एक साधा नियम करा. पहिली वीस मिनिटं मुलाने स्वतः डोकं चालवायचं. नंतर मदत घ्यायला हरकत नाही. प्रोग्रॅम पूर्ण झाला, की पाच मिनिटं तुम्हांला समजावून सांगायचा. तुम्हांला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी बिघडत नाही. 'हे असं का?' एवढंच विचारत राहा. अडखळलेली जागा लगेच कळते. शाळेच्या प्रकल्पात मदत घेतली असेल, तर तसं गुरुजींना किंवा बाईंना स्पष्ट सांगायला शिकवा. मदत घेण्यात कमीपणा नाही. ती लपवायची मात्र नाही.

आणि पुढचा शनिवार…

नव्या प्रोग्रॅमवरचा पहिला पगार होता. भाची सकाळपासून कारखान्यात. छातीत धडधड! चिठ्ठ्या निघाल्या. डायरीवाले आजोबा आले, चष्मा लावला, बोटांवर काहीतरी मोजलं. चिठ्ठी बघितली, डायरी बघितली, पुन्हा चिठ्ठी बघितली.

"जुळलं!" ते म्हणाले. "पैसान् पैसा जुळला."

भाचीने सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे आजोबा, आता डायरीची गरज नाही ना?"

आजोबांनी डायरी नीट मिटून खिशात ठेवली.

"तू प्रोग्रॅम लिही पोरी. डायरी मी लिहितो. पुढच्या शनिवारी पुन्हा जुळवू."